जोतीरामच्या डोक्यातल्या चांदण्या

शुक्रवार पेठेतल्या प्रेमलाबाई चौदा वर्षं दवाखान्याच्या प्रयोगशाळेत एकच काम करत होत्या. गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर घ्यायचे. आधी वडीला हात जोडायच्या. कुणाच्या तरी देहातलं आहे, म्हणायच्या.

१९७९ च्या मे महिन्यात मोहोळच्या जोतीरामची वडी आली. डोक्यातली गाठ. ऑपरेशन होऊन तो वॉर्डात पडलेला. गाठ सावकाश वाढणारी की झपाट्याची, हे कापांना द्यायच्या नेहमीच्या रंगांत प्रयोगशाळेच्या डॉ. यज्ञेश्वरांना ठरवता येईना. तिकडे भावकीनं घाई लावली होती, बाप हाय तवर राजाबाईचं लगीन उरका. पोर नववी झालेली. तिची आई सोजरबाई पाण्याचा माठ घेऊन प्रयोगशाळेच्या दाराशी बसून असायची.

डॉक्टरांनी मुंबईहून बर्फाच्या थर्मासात एक कुपी आणली. मेंदूच्या पेशीत एक खास प्रथिन असतं. ते जिथं असेल तिथं या औषधानं तपकिरी रंग चढायचा.

"पेशी आपला मूळ धर्म धरून असेल तर रंग येईल, फार बिघडली असेल तर येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध एका काचेपुरतंच आहे, बाई."

तुकडाही दोन कापांपुरताच उरलेला. उन्हानं मेण मऊ पडलं होतं; पहिला काप चुरगळला. वडी गार करायला बर्फाचा खडा नव्हता, होता तो सगळा कुपीसाठी लागलेला. आता दुसराही काप गेला, तर राजाबाईच्या अक्षता ठरलेल्याच. प्रेमलाबाई बाहेर आल्या.

"सोजरबाई, गार पाणी आहे?"

"घ्या की! माठावरलं फडकंबी लई गार हाय. डाक्टरास्नी तहान लागली व्हय?"

"तहानच म्हणा."

ओलं फडकं वडीवर दाबून धरलं. सिद्धेश्वराचं नाव घेऊन काप काढायच्या यंत्राचं चाक फिरवलं. काप निघाला आणि कोमट पाण्यावर अलगद पसरला. एक सुरकुती नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहून डॉक्टर बाजूला सरले. प्रेमलाबाईंनी डोळा लावला. फिकट निळ्यावर तपकिरी चांदण्याच चांदण्या, एकीचे बारीक हात दुसरीला लागलेले. चौदा वर्षं आपण हेच कापत होतो? त्यांचे हात आपोआप जुळले.

"गाठ सावकाश वाढणारी आहे, वर्षं मिळतील असं वाटतं," डॉक्टर सोजरबाईला म्हणाले. "किती, ते मला सांगता येणार नाही."

सोजरबाईनंही डोळा लावला. बराच वेळ.

"हे समदं मालकांच्या डोक्यात? आन मी जल्मभर म्हनत आले, ह्यांच्या डोक्यात कायबी न्हाय!"

हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला आणि माठ उचलला.

"येते बाई. मोहोळची यष्टी गाठायची हाय. भावकीला सांगते, पोरगी दहावीला बसनार."