उतरणाऱ्या तारा

निवृत्तीनंतर काहीतरी वाजवायला शिकावं, म्हणून मी वाद्यांच्या दुकानातलं सर्वांत स्वस्त युकुलेले, म्हणजे छोट्या गिटारसारखं वाद्य, आणलं. चारच तर तारा. पण चौथी सुरात लावेपर्यंत पहिली उतरलेली असायची. वैतागून दुकानात परत गेलो, तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "काका, नव्या तारा ताणल्या जातातच. रोज लावत राहा, बसतील."

आठवडाभर मी नुसत्या खुंट्या पिळत होतो. गाणं एकही नाही. शेवटी चिडून ते कॉटवर टाकणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, तिसरी जरा खाली आहे."

मी खुंटी किंचित फिरवली. तिचंच बरोबर होतं. तीस वर्षांच्या संसारात हिला सुराचं इतकं कळतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. मग मात्र माझी मलाच चीड आली.