डबीतले खडे

लोह्याला बियाणाच्या दुकानात बसलो होतो, तेव्हा शेजारच्या सुमनचा फोन आला. "आप्पा, घरी या... काकूला बरं न्हाई." बरं नसलेल्या माणसासाठी कुणी असं रडत नाही. मी समजलो. घरी आलो तर ओसरी बायकांनी भरलेली, बायको जमिनीवर निजवलेली, आणि तिच्या उशाशी आमचा पोरगा दिगंबर परातीत तूरडाळ निवडून राहिला होता. एकेक खडा उचलायचा, पत्र्याच्या डबीत टाकायचा. टण्... टण्. माझा धाकटा भाऊ किसन सगळ्यांदेखत म्हणाला, "बघा, माय गेल्याचंबी कळंना ह्याला." तेव्हा मी काही बोललो नाही, म्हणून आता लिहून राहिलोय. मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन किसनच्याच पोरीनं तपासलंय, म्हणजे बापाचं बोलणं तिनंही वाचलंय. बायकोचं नाव कौसल्या. हयातीत कधी नावानं हाक मारली नाही, लिहिताना तरी घेतो.

नऊ वर्षांमागं दिगंबर मुदखेडच्या रस्त्यानं मोटरसायकलवर येत होता, रानडुक्कर आडवं आलं. डोक्याला मार. नांदेडच्या दवाखान्यात दीड महिना काढला. शुद्धीवर आला तेव्हा उजवा हात लुळा, पाय ओढत चालायचा, तोंडातून शब्द निघेना, आणि माझ्याकडं असा बघायचा जसा मी कुणी पाहुणा. त्याची सोयरीक ठरली होती, ती मोडली. त्या पोरीला आम्ही दोष दिला नाही. डॉक्टर म्हणाले, कितपत सुधारेल ते सांगता येत नाही. मी मान खाली घातली. कौसल्या म्हणाली, "सांगता येत न्हाई म्हंजे होणार न्हाई, असं तर न्हाई ना, साहेब?" ते म्हणाले, नाही, तसं नाही. "मग झालं," म्हणाली, आणि घरी जायची पिशवी भरायला लागली.

बोटांच्या व्यायामाला दवाखान्यातून एक रबरी चेंडू दिला होता. दिगंबर तो दोनदा दाबायचा आणि भिरकावून द्यायचा. आठ दिवसांनी हिनं तो चेंडू गल्लीतल्या लेकरांना देऊन टाकला. "ह्यानं चेंडू दाबला काय अन् न्हाई दाबला काय, कुणाचं अडतंय? कुणाचं तरी अडंल असं काम द्या त्याला." माझी तंबाखूची डबी घेतली, तंबाखू नालीत ओतली, डबी धुतली आणि मूठभर डाळीबरोबर त्याच्यापुढं ठेवली. मी दुसरी डबी आणली, ती गोष्ट वेगळी. त्या मूठभर डाळीला पहिल्या दिवशी न्याहारीपासून दुपार झाली. अर्धी डाळ खड्यांबरोबर डबीत गेली, एकदा परात पार अंगणात गेली. तिनं सगळं गोळा केलं आणि पुन्हा पुढं ठेवलं. संध्याकाळी तीच डाळ शिजवली. माझ्या दाताखाली खडा आला तर मलाच म्हणाली, "गप खावा. एकच तर राहिलाय." त्याला लपवून ठेवायचं तिला माहीतच नव्हतं. रेणापूर तिचं माहेर. तिथं लग्नात भावजय म्हणाली, "वन्सं, ह्याला कशाला आणलं गर्दीत? त्याला कुठं काय कळतंय?" ही म्हणाली, "तुझा नवरा आलाय की. त्याला तरी कुठं काय कळतंय?" पुन्हा कुणी विचारलं नाही.

दोन वर्षांनी तो उजव्या चिमटीत खडा धरायला लागला. आधी "माय" म्हणाला, मग "पाणी", आणि लई उशिरा... "आप्पा". मी गोठ्यात जाऊन उभा राहिलो तेव्हा. पुढं एकदा बघितलं तर ही चुलीपाशी पाठ करून डबीतले खडे परत निवडलेल्या डाळीत ओतत होती. माझं डोकं फिरलं. "पोराला फसवून राहिलीस व्हय?"

"हळू बोला. डाळ संपत आली. नवी तूर यायला दोन महिने हायत. तवर रिकामं बसवू का त्याला?"

"अगं पण, निवडलेलंच..."

"तुमी दरसाल तेच रान नांगरता. तुमाला कोण फसवतंय?"

 

तेरावा झाल्यावर किसन दोन पाहुणे घेऊन बसला. "आप्पा, तुमचं वय झालं. लातूरकडं एक आश्रम हाय, मी चौकशी करून आलोय. त्याला तिथं काय अन् इथं काय, सारखंच." खरं लिहितो. तेरा दिवस खांबाला टेकून बसलेलो, पुढ्यातला चहा निवून जायचा. किसन आणखी एकदा बोलला असता तर मी हो म्हणालो असतो. तेवढ्यात दिगंबर पाय ओढत आला. हातात परात, डाळ निवडून स्वच्छ झालेली. माझ्यापुढं बसला, डबी उघडली आणि सगळे खडे डाळीत ओतले. उजव्या हातानं डाळ खालीवर केली, अगदी मायसारखी. मग परात माझ्याकडं सरकवली. एकेक शब्द जुळवत म्हणाला, "आप्पा... रिकामं... बसू नका."

पाहुणे उठून चपला शोधायला लागले. म्हणजे त्याला इतकी वर्षं सगळं ठाऊक होतं. माय खडे परत टाकते हे ठाऊक असून तो रोज निवडत होता. तिला निजवलं होतं त्या दिवशीही माय गेल्याचं समजूनच तो उशाशी तिचं काम करत बसला होता, ते मला तेव्हा कळलं. किसनला कळलं का, ते त्याला विचारा.

दिगंबर कुठं जाणार नाही. मी आहे तोवर नाही, आणि माझ्यामागं काय, ते आम्ही बापलेक ठरवू. सकाळी परात दोघांच्या मधी असते. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, माझ्या बाजूचे खडे राहून जातात. तो बोलत नाही, हात लांब करून उचलतो आणि डबीत टाकतो. टण्. डाळ झाली की डबी उलटी करायची. एक दिवस तो करतो, एक दिवस मी.