तीन बोटांएवढं तोंड

माझ्या धाकट्या पोरीले पाहाले पाहुणे आले, तवा तिची अक्कलदाढ निघत होती. आडवी, हिरड्यातच फसलेली. तोंड उघडलं का कानापुढं कट्ट वाजे अन् जबडा अर्ध्यावरच अडके. मी लवंग दाबून देली. पाहुणे पोंभुर्ण्याकडून निघालेच होते, त्याइले परत कसं पाठवता?

आमच्याकडं खर्रा घरोघरी. त्यातल्या सुपारी-तंबाखूनं तोंड आवळत जाते, म्हणून आरोग्यवाली बाई गावात सांगत हिंडते, तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा, गेली तं बरं. भल्यासाठीच सांगते बिचारी. पण नवरदेवाची आत्या हेच घेऊन पोरी पाहात फिरे.

पोरीनं पोह्याचा घास एकाच बाजूनं चावला. आत्यानं बरोब्बर हेरलं.

"तोंड उघड बरं बाई. घाल तीन बोटं."

"आत्याबाई, अक्कलदाढ दुखून राह्यली तिची," मी म्हटलं.

"सगळ्या मायांच्या पोरीले दाढच असते!"

एक बोट गेलं. दुसऱ्यापाशी कट्ट वाजलं अन् पोरीच्या डोळ्यातून पाणी आलं. पाहुणे हासले. नवरदेव तेवढा हासला नाई. त्याच्या गालात खर्रा होता, हासला असता तं सांडला असता. त्याले कोणी बोटं घालाले लावली नाई.

"खर्रा खाते तुमची पोरगी," आत्या आंगणात चप्पल घालताना बोलली, शेजारी आयकू जाईल असं.

मंग चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरणीनं फोटो काढला. म्हणे, दाढेभवती सुजलं, म्हणून जबडा आवळला. दुखते म्हणून पोरगी एकाच अंगानं चावत राह्यली, त्याचा ताण सांध्यावर आला. "दाढ काढली का तोंड उघडेल. सांध्याचं मात्र सांगता येत नाही, त्याचं दुखणं कधी कधी मागं राहते."

तसंच झालं. तीन बोटं आता सहज जातात. कट्ट राह्यलं. आत्याचं बोलणंही राह्यलं. मी जिथं सोयरिकीचं विचारलं, तिथं ते माझ्याआधी पोचलेलं. शेवटी पोरगीच म्हणाली, "माय, आता पुरे. कोणाले माझं तोंड दाखवू नको."

परवा एका लग्नाच्या पंगतीत आत्या माझ्याच बाजूले येऊन बसली. हळूच म्हणे, "बाई, तुमच्या पोरीची डॉक्टरीण कुठी बसते? भाच्याचं तोंड उघडत नाई. एक बोट जात नाई. सून भात कुस्करून, पातळ करून देते."

"काऊन? अक्कलदाढ आली का त्याले?"

"नाई… ते… खर्रा."

"मोठ्यानं बोला, आत्याबाई. मले कमी आयकू येते."

तिनं वरणाकडं पाह्यलं. मी थांबली. वाढणारा पोळ्या घेऊन थांबला. मंग बोलली ती, मोठ्यानं, सगळ्या पंगतीले आयकू जाईल असं. त्यानंतरच मी पत्ता सांगतला.

माझे कान चांगले आहेत. पोरगी सैपाकघरात एकटी जेवते, तिचा जबडा वाजलेला मले बाहेर आंगणात आयकू येते.