नाल्याची चौथी बाजू

पोलिसाला माणसातलं जनावर ओळखता येतं, असं माझ्या निरोप समारंभात एका वक्त्याने गंभीर आवाजात सांगितलं. टाळ्या पडल्या. मला त्या वेळी धावड्याकडच्या डोंगराखालची एक घटना आठवत होती. ती आजही आठवते. त्या घटनेत जनावर होतं, पण त्याच्या हातून काही गैर घडलेलं नव्हतं.

सत्तरच्या दशकातली, दुष्काळानंतरची गोष्ट. जालना तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. पोलीस पाटलाची खबर आली की बौद्धवाड्यातल्या एका तरुण मजुराला नाल्याकाठी गवत कापताना बिबट्याने ठार केलं. अकस्मात मृत्यूची नोंद करून मी हवालदारासह पंचनाम्याला गेलो. मानेवरच्या जखमा बिबट्याच्याच होत्या. मात्र विळा कुठे नव्हता, आणि त्या उन्हाळ्यात कापायला गवतही नव्हतं. प्रेताजवळ तेलाचा रिकामा डबा पडला होता, ठोकून ठोकून चेपलेला. मी बोट दाखवेपर्यंत पंचांना तो दिसला नाही.

मृताची बायको दारात बसून होती. म्हणाली, "साहेब, मारलं जनावरानं, ते बराबर हाये. पण तिथं उभं कुणी केलं ते लिहा. न्हाईतर लोक म्हनतील, येडा व्हता, आपल्या पायानं गेल्ता."

कुणी उभं केलं, हे तिने सांगितलं नाही. तिला त्याच गावात मजुरी करायची होती.

गावात विचारपूस केली. सगळ्यांनी गवताचंच सांगितलं, तेही त्याच शब्दांत. खरं बोलणारी माणसं इतकी एकमताने बोलत नाहीत.

धागा मिळाला तो एसटीच्या कंडक्टरकडून. ठाण्यासमोर चहा पिताना तो हवालदाराला म्हणाला, "त्या गावात लगन न्हाई, मयत न्हाई. मंग टेंभुर्णीचे हलगीवाले कशाला उतरले?"

धर्मांतरानंतर या गावच्या बौद्धांनी हलगी वाजवणं सोडलं होतं. त्यामुळे हलगी आता बाहेरून, तिकीट काढून यायची.

हलगीवाल्यांना ठाण्यात बोलावलं. त्यांतला वयस्कर माणूस आधी म्हणाला, पाहुण्यांना भेटायला गेल्तो. हलगी घेऊन का, असं मी विचारलं. चहा पाजल्यावर तो हळूहळू बोलू लागला. गावच्या मोठ्या जमीनदाराकडे, ज्याला सगळे मालक म्हणत, शहरातून एक पाहुणा बंदूक घेऊन आला होता. त्याला बिबट्याचं कातडं हवं होतं. बिबट्या नाल्यातल्या झुडपात पडून असे. त्याने कुणाची शेळीही नेली नव्हती. तीन बाजूंनी हलग्या वाजवून हाकारा घालायचा, जनावर बाहेर काढायचं आणि उघड्या चौथ्या बाजूला पाहुण्याने बंदूक घेऊन थांबायचं, असं ठरलं.

"मग चौथ्या बाजूला हा कसा मेला?" मी विचारलं.

"पाव्हणे झाडावर चढले, साहेब. जनावर तिकडून निसटंल म्हनून मालकानं ह्याला उभं केलं. सकाळी ह्याला हलगी धर म्हनले व्हते, त्यानं बिलकुल न्हाई म्हनलं. मालक म्हनले, हलगीची लाज वाटती ना, मंग डबा वाजव."

बिबट्याला बाहेर पडायला तेवढी एकच वाट होती. बंदूक उडालीच नाही. जनावर डोंगरात निघून गेलं.

मालकांनी ठाण्यात येताच आधी खुर्ची मागितली आणि नंतर बिबट्याला मारण्याचा हुकूम मागितला. मी मालक आणि पाहुणा, दोघांवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल केला. कोर्टात हलगीवाले फितूर झाले आणि दोघेही सुटले. पण तो मजूर मालकाच्या सांगण्यावरून तिथे उभा होता, हे दोषारोपपत्रात आहे. ते वाक्य मी त्याच्या बायकोला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं, "बराबर" म्हणाली आणि भावाकडे जाफराबादला निघून गेली.

तेव्हापासून विचारणाऱ्याला मी एवढंच सांगतो: बिबट्या दिसला तर पळू नका, दगड मारू नका, गर्दी जमवू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका आणि त्याची वाट मोकळी सोडा. बहुतेक वेळा तो निघून जातो. आणि तरीही कुणी हाकारा घालतच असेल, तर त्या वाटेत कुणाला उभं केलंय, ते आधी पाहा.

काही वर्षांनी तालुक्याच्या गावी वन्यप्राणी रक्षणाची सभा भरली. अध्यक्षस्थानी मालक होते. बंदोबस्त माझ्याकडे होता.