अळणी नवस

नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ वाहिला आणि दुसऱ्याच सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर दादू तांडेलाने सख्ख्या भावाच्या तोंडावर वल्हे हाणले. वल्हे सागाचे होते आणि हात होडी हाकणाऱ्या तांडेलाचा होता. पंढरीचा जबडा उकलला, दात रक्तासकट वाळूत पडले, आणि दादू हसत उभा राहिला. पंढरीचा अपराध एवढाच, की वारा अजून पडलेला नाही, आज होडी लोटू नये, असे तो बोलला होता.

पण एवढेच सांगून थांबले तर दादूवर अन्याय होईल. हा दादू कसा, तर जाळ्यात कासव आले की दोर कापून त्याला मोकळे करणारा, त्याच्या पाठीवर कुंकू वाहून हात जोडणारा. एकादशीच्या भजनात त्याची पखवाजावर थाप पडली की किनाऱ्यावरची लाटही समेवर येऊन फुटते, असे गावातल्या म्हाताऱ्या म्हणत. दारूचा थेंब त्याला ठाऊक नव्हता. बायकोला, हंसाला, त्याने कधी वावगा शब्द वापरला नव्हता. मात्र वर्षा-दीड वर्षाने त्याच्या आत एक उधाण उठे. झोप उडे, बोलणे थांबत नसे, गाणे थांबत नसे. आपली होडी तो गावाला दान करून टाकी, चंद्राला हाक मारी, आणि त्या भरात कोणी आडवे आले की मारी. उधाण ओसरले की तोच दादू आपल्या हातांकडे बघत कोपऱ्यात बसे आणि जेवायला उठत नसे.

गावाने त्याला भगताकडे नेले. भगताने निखाऱ्यांवर मिरच्या टाकून त्याचे तोंड धुरात दाबले, वेताने पाठ फोडली. अंगातले बाहेरचे निघाले नाही, कातडे तेवढे निघाले. हंसा वळांवर हळद भरीत राहिली. पण पुढच्या उधाणात तिच्याच गळ्याभोवती त्याची बोटे आवळली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा तिने मनाशी ठरवले. होडीवरच्या गड्यांनी दादूला दोराने बांधून मासळीच्या टेंपोत घातले आणि पालघरला नेले. तिथे मुंबईहून मनोविकारांचे एक डॉक्टर येत असत.

साल एकोणीसशे ब्याऐंशी-त्र्याऐंशी असेल. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. ते म्हणाले, याला लिथियम म्हणतात. यात भूतबाधा नाही आणि जादूही नाही, जमिनीतून निघणारा एक क्षार आहे. उधाण थांबवील, पण औषध आणि विष यांच्यात इथे बोटभराचेच अंतर आहे. कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर जीव जाईल. रक्त तपासत राहायचे. पाणी भरपूर द्यायचे. आणि जेवणातले मीठ रोज जेवढे असते तेवढेच ठेवायचे.

शेवटचे ऐकून हंसाला मनातल्या मनात हसू आले. खारवलेल्या मासळीवर वाढलेल्या घरात मीठ कमी कशाला होतेय?

पुराणात देवदैत्यांनी समुद्र घुसळला, तेव्हा आधी हलाहल आले आणि पुष्कळ नंतर अमृत आले. देवांना दोन्ही वेगवेगळी मिळाली, म्हणून एक कंठात ठेवता आले, दुसरे पंक्तीला वाढता आले. हंसाच्या पदरात दोन्ही पडली ती एकाच गोळीत. ती गोळी ती रोज सकाळी नवऱ्याच्या तळहातावर ठेवी आणि गिळेपर्यंत त्याच्या गळ्याकडे पाही.

उधाण थांबले. घरात झोप परतली. पंढरीचा जबडा वाकडा जुळला होता, तरी तो भावाच्या होडीवर पुन्हा चढला. पण दादूच्या हातांना बारीक कंप लागला. जाळ्याची गाठ त्याला एका दमात बसेना. चहाची बशी ओठापर्यंत जाईतो अर्धी रिकामी होई. होडीवरचा दामू एकदा सर्वांदेखत म्हणाला, "तांडेल, बाटली एकट्याने नको रे, आमालापन दाखव." गडी हसले. दादूही हसला. त्या एकादशीला त्याने पखवाज पुढे घेतला, आणि थाप बोलाच्या मागे मागे धडपडू लागली. अर्ध्यातच त्याने पखवाजावर उपरणे टाकले आणि घरी येऊन तो खुंटीला टांगला.

"हंसा," तो म्हणाला, "माराचा हात गेला, तसा थापेचापन गेला."

एवढे एक वाक्य त्या बाईच्या काळजात बाणासारखे रुतले. चैत्रात ती विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला गेली. गर्दीत धक्के खात, पायरीवर कपाळ टेकून तिने नवस बोलला, की आई, यांचे कापणारे हात थांबव. ते थांबेपर्यंत माझ्या चुलीवर मीठ शिजणार नाही.

चूल एकच होती आणि टोपही एकच. जे हंसाचे अळणी, तेच दादूचे अळणी. डॉक्टरांचे बोलणे ती विसरली नव्हती. पण डॉक्टरांचे मीठ पोटाचे होते आणि हे मीठ देवीचे होते. ही दोन मिठे एकाच जिभेवरून एकाच पोटात जातात, हे भक्तीच्या भरात तिच्या मनाला शिवले नाही. दादूने अळणी कालवण निमूट गिळले. बायको आपल्यासाठी झिजते, तर आपण तोंड वाकडे करायचे नाही, असे त्याचे प्रेम होते. दोघांच्या प्रेमात मिळून विष दाटत गेले.

वैशाखाचे ऊन वाळूला भाजत होते. बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या मांडवाखाली दादू दिवसभर घाम गाळी. कंप वाढला. देवी परीक्षा पाहते आहे असे समजून हंसाने लोणचेही वर्ज्य केले. मग त्याला वांत्या होऊ लागल्या, जीभ जड झाली, चालताना पाऊल लाटेवरच्या होडीसारखे पडू लागले. आता गावाला खात्रीच झाली, की तांडेल पितो. एका दुपारी सगळ्यांसमोर तो बांबूंवर कोसळला. मांडव कडाडून खाली आला. शेकडो बोंबलांच्या ढिगात त्याचे शरीर धनुष्यासारखे ताणले आणि आपटू लागले. टाचांनी वाळू उकरली, डोके बांबूवर आदळत राहिले, दातांखाली जीभ सापडून तोंडातून लाल फेस आला. पंढरी धावला आणि त्याने आपली बोटे भावाच्या दातांत घातली. दात हाडापर्यंत गेले. बोटे त्याने काढली नाहीत.

बोईसरच्या कारखान्याकडे निघालेला एक टेंपो अडवून त्यांनी दादूला पालघरला नेले. डॉक्टरांनी हंसाला विचारले, की खाण्यापिण्यात काय बदलले?

"काय नाय बदललं," हंसा म्हणाली. "नवस हाय, म्हनून मीठ बंद हाय. बस."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ताई, शरीराला मीठ मिळालं नाही, की ते मिठाच्या आशेनं या औषधालाच धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. तुम्ही गोळी तेवढीच दिलीत. अंगात साठली मात्र कितीतरी."

दादूच्या शिरेत थेंब थेंब सोडले जात होते ते काय, तर मीठपाणी. हंसा त्या बाटलीकडे पाहत भिंतीला टेकून खाली बसली. तिने रडणे पदरात कोंबले.

दादू वाचला. रक्त साफ होईपर्यंत गोळ्या बंद झाल्या. पुन्हा सुरू करायच्या की नाही, हे बसून ठरवू, दोन्ही वाटांवर धोका आहे, असे डॉक्टरांनी बजावले. घरी येताच पंढरीने गोळ्यांची बाटली खाडीत भिरकावली. "वयनी, त्याचा हात मी सोसला," तो म्हणाला. "ही गोळी नाय सोसनार." हंसाने मान हलवली. जिने आपल्या हाताने विष वाढले, ती कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? पालघरची वाट तिने सोडली.

हात थांबले. पूर्ण थांबले. गणपतीत दादूने खुंटीवरचा पखवाज उतरवला, डाव्या पुडीला कणीक लावली आणि थाप दिली. बायकांनी डोळे पुसले. गोळी बंद झाल्यावर अळणीत धोका उरला नाही, म्हणून हंसाने नवस अजून चालू ठेवला होता; तिला वाटले, देवी पावली. आता उद्या चुलीवर मीठ चढेल. गजर संपला, आरती झाली, प्रसाद वाटला, तरी दादू वाजवतच होता. लय चढत गेली. समेवर तो थांबेना. बोटांची कातडी फुटून पखवाजाच्या पुडीवर रक्ताचे शिंतोडे उडाले, तरी तो थांबेना. आणि त्याच्या तोंडावरचे हसू हंसाने ओळखले, ते उधाणातले होते.

सकाळी त्याने कोयता उचलला. गाव होड्या चोरते, सगळ्यांच्या होड्यांचे दोर तोडतो, म्हणून तो निघाला. हंसा दारात आडवी झाली. कोयता खाली आला, तिने डावा हात वर केला, आणि तिची दोन बोटे ओट्यावर पडली. रक्ताची धार दाराच्या तोरणापर्यंत उडाली. ती हलली नाही, तेव्हा त्याने कोयता पुन्हा उगारला. मागून पंढरीने आणि गड्यांनी त्याच्यावर जाळे टाकले. ज्या जाळ्याने त्याने जन्मभर मासे धरले, त्याच जाळ्यात तो तडफडला, गाठींनी त्याचे गाल चिरले, त्याने दामूचा कान दातांनी तोडला. अखेर चौघांनी त्याच्यावर बसून त्याला बांधले.

पालघरला सुया टोचून त्याला झोपवले. बऱ्याच दिवसांनी उधाण ओसरले आणि त्याला समोर हंसाचा बांधलेला हात दिसला.

"कोनी केलं?" त्याने विचारले.

हंसाने हात पदराखाली घेतला. त्याने आपले दोन्ही हात पाहिले. ते स्थिर होते.

डॉक्टरांनी पुन्हा सगळे मांडले. औषध घेतले तर हात कापतील, पुढे मूत्रपिंडे झिजू शकतील, रक्त तपासणे चुकले किंवा मीठपाणी चुकले तर पुन्हा तेच विष. न घेतले तर काय, ते सर्वांनी पाहिलेच आहे. पंढरी म्हणाला, आपण त्याला बांधून ठेवू, पण विष नको.

"डॉक्टर," दादू म्हणाला, "गोळी घेतली तर जीवाला धोका माझ्या. नाय घेतली तर हिच्या. असंच ना?"

"असंच," डॉक्टर म्हणाले. "सांभाळून घेतलीत तर तुमचाही टळेल."

"मग द्या." तो हंसाकडे वळला. "पन तू मीठ घालून वाढ."

मायबाप वाचकहो, नवस सोडावा की पाळावा, यावर पंडितांत वाद होतील. हंसाने कोणाला विचारले नाही. ती पुन्हा विवळवेढ्याला गेली आणि पायरीवर उरलेली तीन बोटे टेकून म्हणाली, "आई, दुसऱ्याच्या जिभेवर मी नवस बोलले, ते माझं चुकलं. आता माझ्या एकटीच्या जिभेवर घे. त्यांचे हात थांबव असं नाय म्हनत. माझे थांबू नको देऊ."

तेव्हापासून तिच्या चुलीवर दोन टोप चढू लागले, एक अळणी आणि एक खारा. ठरल्या वेळी दादू स्वतः उठून पालघरला रक्त देऊन येई. एकादशीला पखवाज पंढरी वाजवी, बेतासबात वाजवी, आणि शेजारी बसून दादू त्याला बोल सांगत राही. कधी चुकला की आपल्या मांडीवर कापऱ्या हाताने सम दाखवी.

अळणीवर राहिलेल्या हंसाला खाऱ्या टोपाची चव घेता येत नसे. म्हणून कालवणाला उकळी आली की ती पळी भरून नवऱ्यापुढे धरी. दादू दोन्ही हातांनी पळी पकडी. अर्धे कालवण मनगटावर सांडे, उरलेले तोंडात जाई. डोळे मिटून तो क्षणभर विचार करी आणि म्हणे, "चिमूटभर अजून."