तेलमामाचा कोरडा पट्टा

तेलमामाला हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. तीस वर्षं पंप, ट्रॅक्टर, गिरण्या दुरुस्त केलेला गडी. काम संपलं की तेलकट फडक्याचा शेवटचा हात फिरवल्याशिवाय झाकण लावायचा नाही. घरची दारंसुद्धा इतकी गुपचूप उघडायची की बायको दर वेळी दचकायची.

डोंगरावरच्या दवाखान्यात औषधं न्यायला इंजिनवर चालणारी छोटी चारचाकी बग्गी आली आणि तिची देखभाल मामाच्या गळ्यात पडली. या गाडीच्या पोटात एक रबरी पट्टा. दोन चकत्या त्याला चिमटीत घट्ट धरतात, तेव्हा कुठे चाकं फिरतात. चिमटा सुटला की पट्टा घसरतो, तापतो आणि जळतो.

दोन महिन्यांत दोन पट्टे जळाले. दोन्ही वेळा अर्ध्या चढावर धूर, आणि दवाखान्याच्या सिस्टरबाई औषधांची खोकी उचलून पायी. खापर फुटलं ड्रायव्हरवर. तो आडदांड, पाय जड; दवाखान्याच्या साहेबांनी विचारल्यावर मामानेही मान डोलावली होती. तिसरा पट्टा हातात देताना साहेबांनी सांगून टाकलं, हाही गेला तर ड्रायव्हरला घरी बसवतो. ड्रायव्हरने त्या दिवसापासून मामाशी बोलणं टाकलं.

दुपारी बायको डबा घेऊन शेडमध्ये आली. मामा नव्या पट्ट्यासाठी चकत्या पुसत होता. लख्ख झाल्या होत्या.

"या कशानं चकाकतायत?"

"तेलानं. गंज चढू नये म्हणून."

"पहिल्या दोन पट्ट्यांच्या वेळीही पुसल्या होत्या?"

"मग! न पुसता बसवीन का?"

बायको शिवणकाम करायची. डबा खाली ठेवून ती म्हणाली, "माझ्या मशीनच्या पट्ट्याला तुम्ही तेल पाजलंत, तेव्हा काय झालं होतं? मी पाय मारून मारून थकले, चाक गरगर फिरतंय आणि सुई आपली उभी."

मामा चकतीकडे बघत राहिला. डबा तसाच गार झाला.

खरं म्हणजे गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. चकत्या स्वच्छ करायच्या, पट्टा बसवायचा, ड्रायव्हर सुधारला म्हणून मोकळं व्हायचं. तासभर त्याने हा हिशेब उलटासुलटा करून पाहिला. मग हात पुसत, म्हणजे त्याच फडक्याला पुसत, साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"पट्टे त्याच्या पायानं नाही जळले. माझ्या फडक्यानं जळले."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, गाडी वर चढवून दाखवा, मग बोलू.

मामाने चकत्या स्पिरिटने पुसल्या, त्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला. पट्टा साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवला, त्यावर छापलेल्या बाणाची दिशा बघून बसवला. त्याआधी बायकोने त्याला तीनदा हात धुवायला लावले आणि नखं तपासली. लग्नात नवरदेवाचीही एवढी तपासणी झाली नव्हती.

मग पट्टा मुरवायचा, म्हणजे हळूहळू चकत्यांवर बसू द्यायचा. पन्नास किलोमीटर, सपाटीवर, ओझ्याशिवाय; वेग कमी-जास्त करत, पण ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे दाबायचा नाही. मधे थांबून गार होऊ द्यायचं. आडदांड ड्रायव्हरला ही शिक्षाच. मामा शेजारी बसून त्याच्या बुटाकडे बघत होता. एक सायकलवाला पुढे जाता जाता विचारून गेला, धक्का देऊ का? ड्रायव्हरने दात आवळले, पण पाय हलवला नाही.

तिसऱ्या दिवशी मामाने झाकण उघडून आतली काळी भुकटी हवेने उडवली. पट्ट्याच्या कडा एकसारख्या, कोरड्या. कुठे चकाकी नाही. सिस्टरबाईंनी खोकी चढवली आणि गाडी जड ओझ्याच्या गिअरमध्ये चढाला लागली. दोनदा धूर निघाला होता त्या वळणावर मामाने वास घ्यायला नाक बाहेर काढलं. वळण मागे पडलं, तरी मामाचं नाक बाहेरच होतं.

दवाखान्यापाशी त्याने झाकणावर तळहात टेकला. गरम, पण हात ठेवता येईल इतकंच. ड्रायव्हर खोकी उतरवून आला, कपाळ पुसलं आणि कितीतरी दिवसांनी बोलला, "मामा, साहेबांना तुम्ही सांगितलंत ते कळलं मला."

मामा झाकणाकडेच बघत म्हणाला, "उतारावर ब्रेक सांभाळ."

"तुम्हीच चालवा की," ड्रायव्हर म्हणाला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला.