चौदाव्या सोमवारचं फ्रूट सॅलड

मैत्रिणींनो, सकाळपासून काही सुचत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

नवऱ्याची नोकरी गेल्यावर सासूबाई पुण्याहून आमच्याकडे जे. पी. नगरला आल्या आणि त्याच्यासाठी सोळा सोमवार धरले. संध्याकाळपर्यंत फक्त फळं, मीठ अजिबात नाही. आज चौदावा.

दर सोमवारी नुसती केळी खातात, म्हणून म्हटलं आज छान फ्रूट सॅलड करू. गोड पपई, आंबट अननस, करकरीत पेरू, वर डाळिंबाचे दाणे. सफरचंद काळं पडू नये म्हणून लिंबू पिळलं. सगळं मस्त जमलं आणि शेवटी सवयीने हात चाट मसाल्याकडे गेला. इथल्या गाड्यांवरची फळं खाऊन लागलेली सवय.

पहिल्याच घासाला त्या थांबल्या. "अगं, यात मीठ आहे का?"

मी चाट मसाल्याची डबी दाखवली. त्यांनी वाटी खाली ठेवली. "असू दे. पुढच्या सोमवारपासून पुन्हा पहिला धरते."

सत्तरीच्या आहेत हो. नवरा वैतागला. "आई, देव चिमूटभर मीठ मोजत बसत नाही."

"तो नाही बसत रे. पण तुझं काम झालं नाही, तर मलाच वाटत राहील, मिठामुळे अडलं."

त्यांना कसं थांबवू, कुणी सांगाल का?

नवऱ्याच्या इंटरव्ह्यूचं आज कळणार आहे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी त्याचा फोन वाजला की मी आधी चाट मसाल्याच्या डबीकडे बघतेय.